घाटरस्त्याच्या मोटारीत कोणती हत्यारे ठेवावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगावच्या एका गृहस्थांकडे आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. कामानिमित्त त्यांना वरचेवर महाबळेश्वरला आणि अधूनमधून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जावे लागते. गाडीबरोबर मिळालेला व्हील पाना वाकला आहे, जुन्या पेटीतल्या पान्यांना गंज चढला आहे आणि आता नवी हत्यारे घेण्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. त्यांच्या नजरेत १०८ नगांचा एक पेटीबंद संच भरला आहे. तो घ्यावा की सुटी हत्यारे जमवावीत, आणि दुकानात उभे असताना चांगले हत्यार ओळखायचे कसे, असे त्यांनी विचारले आहे. साताऱ्यात माझे स्वतःचे गॅरेज असून घाटात अडकलेल्या गाड्या आणण्याचे कामही आमच्याकडे असते, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

१०८ नगांचा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी पेटी उघडून पाहिली, तर तिच्यातले निम्म्याहून अधिक नग स्क्रू ड्रायव्हरचे तुकडे, छोट्या गोट्या (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट) आणि जोडण्या असतात. चाकाच्या नटाला लागणारी गोटी मात्र एखाददुसरीच असते आणि तिला फिरवायला दिलेला रॅचेट वीतभर लांबीचा असतो. किंमत नगांवर वाटली गेल्यामुळे एकाही नगावर पुरेसा पैसा खर्च झालेला नसतो. गॅरेजमध्ये एखादा पाना बिघडला तर शेजारी दुसरा असतो. पोलादपूरच्या अलीकडे आंबेनळी घाटात, जिथे मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते, तिथे गाडीत असलेला एकच पाना पहिल्याच जोरात काम करणारा हवा. त्यामुळे नग कमी असले तरी चालतील, पण प्रत्येक नग गॅरेजमध्ये रोज वापरता येईल अशा दर्जाचा असावा.

रस्त्याच्या कडेला हाताने होणारी कामे तशी मोजकीच असतात. चाक बदलणे, ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढणे, बॅटरीचे सैल झालेले टोक आवळणे, रेडिएटरच्या होजची क्लिप घट्ट करणे, फ्यूज किंवा बल्ब बदलणे, आणि खाली लोंबू लागलेले प्लास्टिकचे कव्हर किंवा सायलेन्सर तात्पुरता बांधून गाडी गावापर्यंत आणणे, एवढ्यात बहुतेक सगळे आले. सेन्सर, इंजेक्टर, क्लच किंवा टायमिंगचे काम घाटात करण्याचा विचारही करू नये. त्यासाठी गाडी ओढून आणणेच स्वस्त पडते. एकेकाळी साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. त्या काळच्या स्कूटरवाल्याला प्लग काढून पुसणे आणि केबल ओढून घेणे अंगवळणी पडलेले होते, कारण त्या यंत्राला तेवढे पुरत असे. आजच्या मोटारीत हाताने करण्याजोगे काम कमी झाले आहे, म्हणून हत्यारांची यादीही छोटीच असायला हवी.

हत्यारे विकत घेण्याआधी स्वतःच्या गाडीचे बोनेट उघडून, वही-पेन घेऊन, कोणत्या जागी कोणत्या मापाचा नट आहे हे लिहून काढावे. हे काम कोणी करत नाही, आणि मग बाजारात दिसणारा आठ किंवा बारा पान्यांचा संच उचलला जातो, ज्यातले अर्धे पाने त्या गाडीला कधीच लागत नाहीत. बोल्टच्या आट्याचा व्यास एकच असला तरी त्याच्या डोक्याचे माप कोणत्या देशाच्या पद्धतीने गाडी बनली आहे यावर ठरते. आठ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीत १२चे असते, तर जर्मन पद्धतीत तेच १३चे असते. दहा मिलिमीटरच्या बोल्टला जपानी गाडीत १४चा पाना लागतो, जुन्या जर्मन पद्धतीत १७चा आणि आताच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १६चा. म्हणूनच जपानी मुळाच्या मारुती किंवा टोयोटाच्या मोटारीत ८, १०, १२, १४, १७ अशी मापे प्रामुख्याने सापडतात, तर युरोपीय घडणीच्या गाडीत १०, १३, १६, १८ ही मापे आणि त्यांच्या जोडीला चांदणीच्या आकाराच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू भेटतात. टाटा-महिंद्राच्या गाड्यांत १३चा पाना नेहमी लागतो. तुमच्या गाडीसाठी ८, १०, १२, १४ आणि १७ हे पाच पाने बहुधा पुरतील, पण ‘बहुधा’वर न थांबता मोजून घ्यावे. १०चा मात्र एक जास्तीचा ठेवावा. बॅटरीच्या टोकापासून बहुतेक ब्रॅकेटपर्यंत सगळीकडे तोच लागतो आणि हातातून निसटून इंजिनच्या सांदीत पडतो तोही नेमका तोच.

आता दुकानात हत्यार पारखण्याविषयी. यासाठी गॅरेजमधून १० आणि १४ डोक्याचे दोन नवे, न घासलेले बोल्ट मागून घ्यावेत आणि खिशात घालून साताऱ्याच्या किंवा कराडच्या हार्डवेअरच्या दुकानात जावे. पाना बोल्टच्या डोक्यावर बसवून हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहावा. चांगला पाना किंचित अडखळत बसतो आणि बसल्यावर जेमतेम हलतो. वाईट पाना सैल जाऊन बसतो आणि बोल्ट जागेवर असतानाच पान्याचे टोक बोटभर इकडेतिकडे होते. ही ढिलाई म्हणजेच पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ होय. नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. पाना नेमका बसला तर जोर सपाट बाजूंवर येतो, सैल बसला तर तोच सगळा जोर कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. एकदा नट गोल झाला की पुढे कितीही उत्तम पाना आणला तरी त्याला धरायला जागाच उरत नाही. ही परीक्षा करू न देणाऱ्या दुकानातून हत्यार घेऊ नये, कारण चांगला दुकानदार स्वतःच गल्ल्याशेजारचा एखादा बोल्ट काढून देतो.

यानंतर पान्याच्या जबड्याची आतली बाजू उजेडाकडे धरून पाहावी. दोन्ही कडा समांतर, स्वच्छ कापलेल्या आणि मुलाम्याचे गोळे न साठलेल्या असाव्यात. क्रोमचा मुलामा गंज थोपवण्यासाठी असतो. पण हलक्या मालावर तो खालचा खडबडीतपणा झाकण्यासाठी जाड चढवलेला दिसतो, काही दिवसांत पापुद्रे सुटून निघू लागतो आणि त्याची धार तळहात कापते. अतिशय चकचकीत दिसणाऱ्या हत्यारापेक्षा मंद, साटीनसारख्या झळाळीचे हत्यार मला अधिक विश्वासाचे वाटते. तेलकट हातातही ते बरे धरले जाते.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असे कोरलेले असते आणि ग्राहक त्यावर निर्धास्त होतो. हा मिश्रधातू पान्यांसाठी उत्तमच आहे, परंतु नुसत्या पोलादाच्या नावाने काम भागत नाही. तापलेल्या पोलादावर साच्यात घण मारून पाना घडवला आहे का, त्यानंतर त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापलेला पाना एकदम थंड करून टणक कसा केला आहे, आणि पाणी दिल्यावर तो पुन्हा योग्य तेवढा तापवून त्याचा ठिसूळपणा काढला आहे का, यावर सगळे ठरते. पाणी कमी पडले तर जबडा फाकतो, जास्त झाले तर पाना काचेसारखा तडकतो. यांपैकी फाकणारा पाना निदान आधी सूचना देतो. तडकणारा पाना हाताची बोटे बॉनेटच्या पत्र्यावर आपटवतो. डोळ्यांनी ही उष्णताप्रक्रिया दिसत नाही, म्हणूनच इथे नाव असलेल्या उत्पादकाचा माल घ्यावा लागतो. उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानके आहेत. पाकिटावर किंवा पान्यावर मानकाचा उल्लेख, माप आणि उत्पादकाचे नाव घडवतानाच उठवलेले असेल तर ते चांगले लक्षण समजावे; चिकटपट्टीवर छापलेल्या मजकुराला फारशी किंमत नाही.

पान्यांचा प्रकार निवडताना कॉम्बिनेशन पाना, म्हणजे एका टोकाला उघडा जबडा आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग असलेला, गाडीसाठी सर्वांत सोयीचा. आपल्याकडे १०-११, १२-१३ असे दोन मापांचे फिक्स पाने घेण्याची सवय आहे. ते कमी जागेत जास्त मापे देतात हे खरे, पण उघडा जबडा नटाच्या दोनच बाजू धरतो आणि घट्ट नटावर सुटण्याची भीती तिथेच असते. नट आधी रिंगने सैल करावा आणि मग उघड्या टोकाने भराभर काढावा, हा गॅरेजमधला साधा क्रम आहे. उघडा जबडा दांड्याशी साधारण १५ अंशांनी तिरका ठेवलेला असतो, ही चूक नसून सोय आहे. अडचणीच्या जागी पाना उलटा करून पुन्हा लावला की जेमतेम ३० अंश फिरायला जागा असतानाही नट पुढे सरकतो. रिंग बहुधा बारा कोनांची असते, म्हणजे तीही ३० अंशांनी नवी पकड घेते. गोटी घेताना मात्र सहा कोनांचीच घ्यावी. ती सपाट बाजूंवर अधिक पृष्ठभागाने बसते आणि गंजलेल्या नटावर दगा देत नाही. ॲडजस्टेबल पाना एक ठेवण्यास हरकत नाही, दहा इंची पुरेसा आहे, पण तो शेवटचा पर्याय म्हणून. वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूने फिरवावा, सरकत्या जबड्यावर नव्हे.

सगळ्यांत जास्त खर्च आणि विचार चाकाच्या नटावर करावा, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. घाटात मदतीचे जे फोन येतात त्यांतले पुष्कळसे ‘नट सुटत नाही’ यासाठीच असतात. याचे कारण साधे गणित आहे. छोट्या मोटारीच्या चाकाचा नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर इतका आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या इंग्रजी एलच्या आकाराच्या पान्याचा दांडा सुमारे २५ सेंटिमीटर धरला, तर १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकावर सुमारे ४१ किलोचा भार द्यावा लागतो, जो बहुतेक माणसे देऊ शकतात. पण पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने नट मारताना अंदाज राहत नाही आणि नट दुप्पट आवळला गेला, तर तोच भार ८० किलोच्या वर जातो. मग माणूस पान्यावर उभा राहतो, पाना वाकतो किंवा निसटतो, आणि नटाचे कोपरे जातात. दांडा ४५ सेंटिमीटरचा असेल, तर त्याच दुप्पट आवळलेल्या नटाला ४५-४६ किलो पुरतात. तुमचा जुना पाना वाकण्यामागेही बहुधा हेच कारण असावे.

म्हणून गोटी अडकवायचा चौकोन अर्धा इंची असलेले, १५ ते १८ इंच लांबीचे, मान हलणारे फ्लेक्स हँडल घ्यावे, आणि त्यावर आपल्या नटाच्या मापाची सहा कोनी, जाड भिंतीची खोल गोटी घ्यावी. आपल्याकडच्या मोटारींत १७, १९ आणि २१ ही तीन मापे सर्रास आढळतात. गोटी प्रत्यक्ष नटावर बसवून खात्री करावी. काहीजण चौफुलीसारखा प्लस पाना ठेवतात. तो दोन्ही हातांनी फिरवता येत असल्याने नटावर तिरका जोर पडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र तो डिकीत जागा खातो आणि त्याची बाहू फ्लेक्स हँडलएवढी लांब नसते. लांबी वाढवता येणारे, दुर्बिणीसारखे उघडणारे पाने मी सहसा सुचवत नाही, कारण त्यांच्या सांध्यातील खटका घसरला की हात सरळ रस्त्यावर आपटतो. हँडलमध्ये लोखंडी पाइप घालून लांबी वाढवण्याचा उपाय सैल करताना आणीबाणीत ठीक आहे, पण आवळताना कधीही करू नये. बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या वेळी तुटतो.

हत्यार घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी अंगणात चारही चाकांचे नट एकेक करून सैल करावेत आणि पुन्हा नीट आवळावेत. गनने फार आवळलेला नट कोणता, गोटी नीट बसते का, आपला भार पुरतो का, हे सगळे तिथेच कळते. अलॉय चाकांना चोरी टाळण्यासाठी लॉक नट बसवलेले असतील, तर त्याची खास चावी-गोटी गाडीतच असायला हवी. ती घरच्या कपाटात सुरक्षित ठेवलेल्या गाड्या आम्ही घाटातून ओढून आणलेल्या आहेत. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरच्या बाजूला मात्र वेगळाच प्रश्न येतो. नट निघतात, पण चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजाने धरून बसते आणि जागचे हलत नाही. अशा वेळी गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालणे धोक्याचे आहे. गाडी खाली उतरवून नट अर्धा-अर्धा फेरा सैल ठेवावेत आणि सपाट जागी गाडी हातभर पुढे-मागे सरकवावी. गाडीच्या वजनानेच चाक सुटते. पावसाळ्यापूर्वी चाके काढून हबच्या मधल्या गोलाईवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून घेतला, तर ही वेळच येत नाही.

जॅक हे हत्यारात मोडत नाही असे कोणाला वाटेल, पण चांगले हँडल घेतले आणि जॅक चिखलात रुतला तर काहीच साधत नाही. गाडीबरोबरचा कात्री जॅक ठीक असतो. त्याच्या स्क्रूला ग्रीस लावावे आणि साधारण फूटभर लांब-रुंद, १८ ते २० मिलिमीटर जाड प्लायवूडचा तुकडा सोबत ठेवावा. कास, बामणोलीकडच्या लाल मातीत पावसाळ्यात रस्त्याची कड इतकी मऊ होते की, तो तुकडा नसेल तर जॅक गाडी उचलण्याऐवजी जमिनीत शिरतो. नट सैल करण्याचे काम चाक जमिनीवर असतानाच करावे, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावावा, आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणताही अवयव घालू नये. बदललेल्या चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

रॅचेटविषयी लोकांना फार आकर्षण असते, त्यामुळे दोन शब्द. रॅचेटच्या आत दातांचे चक्र आणि खटका असतो. २४ दातांचा रॅचेट १५ अंशांना एक दात पकडतो, तर ७२ दातांचा ५ अंशांना. जास्त दात म्हणजे अडचणीच्या जागी जास्त सोय, पण स्वस्त मालात बारीक दात लवकर घासतात आणि खटका घसरू लागतो. गाडीत रॅचेट हवाच असेल, तर तीन अष्टमांश इंची चौकोनाचा, मध्यम दातांचा घ्यावा आणि तो फक्त सैल झालेला नट भराभर काढण्यासाठी वापरावा. घट्ट नट फोडण्याचे काम त्याच्यावर लादू नये. मला विचाराल तर त्याऐवजी ८, १० आणि १२चे तीन टी पाने, म्हणजे इंग्रजी टीच्या आकाराची मूठ असलेले गोटीचे पाने, जास्त उपयोगी आहेत. होजच्या क्लिपचे षटकोनी डोके स्क्रू ड्रायव्हरच्या खाचेपेक्षा टी पान्याने कितीतरी खात्रीने आवळले जाते.

बॅटरीचे टोक सैल झाल्याचे लक्षण ओळखीचे असते. किल्ली फिरवल्यावर मीटरचे दिवे लागतात, स्टार्टरचा एक ‘टक्’ आवाज येतो आणि सगळे विझते. बोनेट उघडून टोकाची क्लिप हाताने फिरवून पाहावी. ती तळहाताच्या जोराने फिरत असेल तर दोष तिथेच आहे. क्लिपवर पांढरा-हिरवा थर चढला असेल, तर इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि १०च्या पान्याने आधी ऋण टोक सोडवावे, मग धन. हा क्रम सोडू नये. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह पान्यातून वाहतो, ठिणगी उडते आणि पाना लालभडक होऊ शकतो. थर घासून काढल्यावर आधी धन, शेवटी ऋण असे जोडावे. यासाठी दांड्यावर प्लास्टिकचे वेष्टन असलेला, किंवा इन्सुलेशन टेप नीट गुंडाळलेला १०चा पाना वेगळा ठेवला तर उत्तम. एक छोटा मल्टिमीटर सोबत असेल, तर दोष बॅटरीचा की चार्जिंगचा हे लगेच कळते. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी, १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४च्या आसपास दिसले नाही, तर अल्टरनेटर काम करत नाही असे समजून दिवे-एसी बंद ठेवून जवळचे गाव गाठावे. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

पक्कड आठ इंची एक आणि नोज प्लायर सहा इंची एक, एवढे पुरे. दोन्ही जबडे मिटून दिव्यासमोर धरावेत. दातांच्या टोकाशी उजेड दिसता कामा नये, आणि सांधा हलका फिरला तरी आडवा हलता कामा नये. एखादी बारीक तार कापून पाहावी. कागद कापणारी पक्कड तारही स्वच्छ कापते, ही दुकानातली सोपी चाचणी आहे. त्यांच्या जोडीला दहा इंची ग्रिप प्लायर अवश्य घ्यावा. गोल झालेला नट, तुटलेला बोल्ट किंवा लोंबणारा ब्रॅकेट यांवर तो एकदा चावून लॉक केला की हात मोकळे राहतात. लवचिक लोखंडी तार दोन-तीन मीटर आणि केबल टाय ठेवले, तर सायलेन्सर बांधून गाडी पाटणपर्यंत आणता येते.

स्क्रू ड्रायव्हर दोनच चांगले घ्यावेत, एक दोन नंबरचा चौफुली टोकाचा आणि एक सहा मिलिमीटरचा सपाट टोकाचा. टोक उलटसुलट करता येणारा टू-इन-वन घेऊ नये, कारण त्याची पाती मुठीत सैल बसते. टोक स्क्रूच्या खाचेत घालून स्क्रू ड्रायव्हर आडवा धरावा; चांगल्या टोकावर स्क्रू काही क्षण न पडता टिकतो. एलन कींचा, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूसाठीच्या वाकड्या चाव्यांचा, एक संच ठेवावा, आणि युरोपीय घडणीची गाडी असेल तर टी-२० ते टी-३० टॉर्क्सही.

पंक्चरच्या संचात लोकांची सर्वांत जास्त फसवणूक होते. त्यातील भोक मोठे करण्याचा रीमर आणि पट्टी घालण्याची सुई यांच्या मुठी प्लास्टिकच्या, पिस्तुलासारख्या आकाराच्या किंवा टीच्या आकाराच्या असतात. पट्टी टायरमध्ये घालताना अंगातली सगळी ताकद लागते आणि प्लास्टिकची मूठ नेमकी तेव्हा फुटते. धातूची, टीच्या आकाराची मूठ असलेलाच संच घ्यावा, रबराच्या पट्ट्या दोन वर्षांनी बदलाव्यात, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीतले पंक्चर पट्टीने काढू नये. तिथे स्टेपनीच लावावी. २०२०मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल करून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली आहे. पुढे नवी गाडी घेतलीत तर हे लक्षात ठेवा. घाटातल्या दगडाने टायरची बाजू चिरली, तर तो संच कामाला येत नाही.

फ्यूजचे मात्र सोपे आहे. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० असा त्यांचा रंगसंकेत असतो. आपल्या गाडीतल्या आकाराचे प्रत्येकी दोन ठेवावेत आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नये.

कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा प्रश्न शेवटी येतोच. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या टापारियाचे पाने, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये दिसतात, आणि गाडीत ठेवण्यासाठी ते पुरेसे आहेत. जालंधर आणि लुधियाना ही देशातली हत्यारनिर्मितीची मोठी केंद्रे असून तिथे परदेशी कंपन्यांसाठीही माल तयार होतो. तिथल्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल घेण्यास हरकत नाही, परंतु बिननावाचा माल तिथलाच असला तरी टाळावा. जर्मनीच्या क्निपेक्सची पक्कड किंवा जपानच्या कोकेनच्या गोट्या अप्रतिम असतात, पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या हत्यारावर तो खर्च तुमच्या पाच हजारांत बसणार नाही, आणि बसवायची गरजही नाही. पैसे थोडे उरलेच, तर ते चाकाच्या गोटीवर आणि हँडलवर खर्च करावेत. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकलाही बाजारात येतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन खरेदी करावी. निम्म्या किमतीत मिळणारा ‘ओरिजिनल’ पाना हातात घेतला की त्याची अक्षरे पुसट आणि कडा बोथट असल्याचे दिसते.

हत्यारे प्लास्टिकच्या साचेबंद पेटीत न ठेवता रेक्झिनच्या किंवा जाड कॅनव्हासच्या खिशांच्या गुंडाळीत ठेवावीत. खडखडाट होत नाही आणि कमी जागा लागते. कॅनव्हास ओल धरून ठेवतो, त्यामुळे पावसाळ्यात दर महिन्याला गुंडाळी उघडून उन्हात ठेवावी आणि पान्यांवर इंजिन ऑइलचा पुसट हात फिरवावा. माण-खटावकडे फिरणाऱ्या गाड्यांना गंजापेक्षा धुळीचा त्रास जास्त, तिथे तेल कमी आणि कोरडे फडके जास्त वापरावे. ही गुंडाळी मागच्या सीटखाली किंवा डिकीत पट्ट्याने बांधूनच ठेवावी. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक झाली, तर सुटे हँडल सीटच्या पाठीवरून पुढे येते. फ्लेक्स हँडल, चाकाची गोटी, जॅक, प्लायवूडचा तुकडा, डोक्याला लावायचा टॉर्च आणि रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण सामानाच्या ढिगाखाली न जाता डिकी उघडताच हाताला लागतील असे ठेवा, आणि पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरताना स्टेपनी बाहेर काढून तिच्यातही भरून घ्या.